तेलविहीर बंद झाली, शेत परत मिळतंय. सही करण्याआधी काय तपासावं?

वृषाली (वारजे)

नमस्कार. माहेरच्या जमिनीचा प्रश्न आहे. पुण्यात बसून कुणाला विचारावं ते कळेना, म्हणून इथे लिहितेय.

माझं माहेर बडोद्याचं. भरूच जिल्ह्यात आजोबांनी घेतलेली काळी जमीन आहे, मोठे काका ती अजून स्वतः बघतात. कपाशी, तूर, एखाद्या साली ज्वारी. त्यातला रस्त्याकडचा चांगला तुकडा बऱ्याच वर्षांपूर्वी एका तेल कंपनीने तात्पुरत्या ताब्यात घेतला. तिथे विहीर खोदली, तेल लागलं, वर्षाचं भाडं येत राहिलं. पुढे तेल कमी आणि पाणीच जास्त यायला लागलं तशी त्यांनी ती बंद केली. आता कंपनीचा माणूस एक कागद घेऊन काकांकडे खेटे घालतोय. कागदावर मजकूर एवढाच, की जमीन पूर्वस्थितीत परत मिळाली आणि यापुढे आमची कोणतीही मागणी राहणार नाही. काका सत्तरी ओलांडलेले, माणूस सारखा दारात. सही करून मोकळं व्हावं असं त्यांना वाटायला लागलंय.

दिवाळीत गेले तेव्हा मी तो तुकडा नीट फिरून पाहिला. रिग, म्हणजे विहीर खोदायचं यंत्र, उभी होती तिथला काँक्रीटचा पाया फोडून नेलाय, पण खडी-मुरमाचा थर तसाच आहे, त्यावर वीतभर माती ओढलीय. ती माती लालसर आहे, आमच्या शेतातली नाही. मडपिट, म्हणजे खोदताना निघालेला चिखल-कचरा टाकायचा खड्डा, होतं तो भाग जरा खचलाय आणि त्यावर पांढरं फुटलंय. काठीने उकरलं तर एका कोपऱ्यात ग्रीससारखा वास आला. बांधापलीकडे शेजाऱ्यांची कपाशी कमरेपर्यंत, आणि इकडे वेड्या बाभळीची रोपं सोडली तर काडी नाही.

काकांनी सही करावी का? ही जमीन पुन्हा पिकेल का, आणि त्यासाठी काय करावं लागेल? खाली बुजवलेल्या विहिरीपासून काही धोका असतो का? दोन पिशव्या माती सोबत आणलीय, एक मडपिटाच्या जागची आणि एक खडीच्या कडेची. पुण्यात कुठे तपासून मिळेल? कंपनीचा माणूस म्हणतो, "थोडं जिप्सम टाका, दोन पावसांत सगळं ठीक होईल." खरं आहे का हे?

निमगावकर

ताई, सही अजिबात नको. पांढरं फुटलंय म्हणजे जमीन क्षारपड झालीय. आमच्या इंदापूर भागात कालव्याखालच्या जमिनींची हीच गत झालीय, त्यामुळे हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. आज रात्री पाण्याची पाळी आहे, उद्या सविस्तर लिहितो. तोवर काकांना फोन करून थांबवा.

मुक्तपथिक

माझं मत थोडं वेगळं आहे. कंपनीला सांगा की जमीन खराब झालीय, आता तुम्हीच विकत घ्या. पैसे बँकेत टाका. काकांनी या वयात माती दुरुस्त करत बसायचं, त्यापेक्षा हे बरं.

वृषाली (वारजे)

@मुक्तपथिक, तुम्ही काळजीपोटी लिहिलंय हे समजतं. पण काकांना जमीनच हवी आहे. हा तुकडा गेला तर मागच्या शेतात जायला वाटही राहत नाही.

रिगवरचा केमिस्ट

वृषालीताई, माझी सगळी नोकरी ड्रिलिंग फ्लुइडची, म्हणजे रिगवर ज्याला आम्ही मड म्हणतो त्याची. मेहसाणा, अंकलेश्वर आणि काही वर्षं आसामात नाझिरा. निवृत्तीनंतर कोथरूडला असतो. तुम्ही विचारलेलं मी शेताच्या बाजूने क्वचितच कुणाला विचारताना पाहिलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी विहिरीबद्दल. बंद करण्याचे दोन प्रकार असतात, तात्पुरती बंद आणि कायमची बंद. कंपनीकडून लेखी घ्या की ही कोणत्या प्रकारातली. तात्पुरती बंद असेल तर ते उद्या पुन्हा येऊ शकतात आणि मग जमीन परत दिली म्हणण्याला अर्थ उरत नाही. कायमची बंद करताना तेलाच्या थरासमोर पाइपाला जी भोकं पाडलेली असतात त्यांत दाबाने सिमेंट भरतात, वर ठरावीक खोलींवर सिमेंटचे प्लग टाकतात, मधल्या जागेत जड मड ठेवतात आणि प्रत्येक प्लगवर वजन टेकवून किंवा दाब देऊन तो धरतो की नाही ते पाहतात. शेवटी केसिंग, म्हणजे विहिरीतला तो लोखंडी पाइप, जमिनीखाली कापून वर लोखंडी प्लेट वेल्ड करतात. हे सगळं खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएमएसच्या, नियमांखाली येतं आणि त्याचा अहवाल तयार होतो. त्या अहवालाची प्रत मागा. केसिंग नेमकी किती खोलीवर कापली तो आकडा तुम्हाला हवाच, कारण उद्या सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं अवजार) किंवा जेसीबी तिथून फिरणार आहे.

काकांना एक सोपं काम सांगा. पावसाळ्यात विहिरीच्या जागी पाणी साचलं की वारा पडलेला असताना शांतपणे बघत बसायचं. एकाच जागेवरून सतत बुडबुडे येत असतील, किंवा गॅसचा वास येत असेल, तर प्लग किंवा केसिंगच्या बाहेरचं सिमेंट गळतंय. मग तिथे विडीसुद्धा पेटवायची नाही आणि कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवायचं. बाकी काही अडचण नसली तरी त्या जागेवर घर, गोठा किंवा पाण्याचं बोअर घेऊ नका.

आता जमीन. खालची विहीर बुजवणं आणि वरचं शेत परत उभं करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यासाठी कंपनीकडे इंजिनिअर असतात, नियम असतात, तपासणी होते. दुसरं बहुतेक वेळा एखाद्या स्थानिक कंत्राटदाराच्या गळ्यात पडतं. तो डंपरने मिळेल ती माती आणून टाकतो आणि फोटो काढून बिल लावतो. तुमच्या लालसर मातीची कथा मला तरी अशीच दिसते. काळ्या जमिनीचा वरचा वीत-दीड वीत थर रिग येण्यापूर्वी खरवडून बाजूला ढीग करून ठेवायचा असतो, कारण त्यातच सेंद्रिय कर्ब आणि जीवजंतू असतात. तो ढीग कुठे गेला, हा पहिला प्रश्न विचारा. कधी कधी तो साइटच्या कुंपणालगत बांधासारखा पडलेला असतो आणि कुणाच्या लक्षातही नसतं.

मडपिटाबाबत नियम स्पष्ट आहेत. पर्यावरण संरक्षण नियमांत ३० ऑगस्ट २००५ च्या अधिसूचनेने जमिनीवरच्या ड्रिलिंगच्या कचऱ्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घातली गेली. खड्ड्याला पाणी न झिरपणारं अस्तर हवं, भरल्यावर वरूनही तसंच अस्तर, आणि त्यावर तिथल्याच मातीचा जाड थर, पाणी वाहून जाईल असा उतार देऊन. म्हणजे खड्ड्याचा भाग थोडा उंच असायला हवा. तुमचा खचलाय, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच साचतंय आणि खाली मुरतंय. तेलमिश्रित मड आणि तेलकट गाळ तर २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीतच आहेत. ते शेतात पुरून ठेवता येत नाहीत, अधिकृत ठिकाणी न्यावे लागतात. म्हणून तो ग्रीसच्या वासाचा कोपरा महत्त्वाचा. तिथला नमुना वेगळा घ्या, बाकीच्यात मिसळू नका.

पण माझं स्पष्ट मत असं की, तुमच्या शेताचा मोठा शत्रू तेल नाही, मीठ आहे. तेल दिसतं, वास येतो, त्यामुळे सगळे तेलाच्या मागे लागतात. साधं कच्चं तेल मातीत सांडलं तर त्यातला हलका भाग उडून जातो आणि बराचसा उरलेला भाग मातीतले जिवाणू खातात. त्यांना हवा, ओल, नत्र आणि स्फुरद मिळालं पाहिजे, एवढंच. माती पातळ पसरायची, युरिया आणि सुपर फॉस्फेट द्यायचं, ओलावा ठेवायचा आणि दर काही दिवसांनी कुळवाची पाळी घालायची. टेरी या संशोधन संस्थेने यासाठी ऑइलझॅपर नावाचं जिवाणूंचं मिश्रण तयार केलं, मक्याच्या कणसाच्या भुकटीवर चढवलेलं. गुजरात आणि आसामच्या तेलक्षेत्रांत ते वापरलं गेलंय. हे काम काही महिन्यांत दिसतं. मीठ मात्र कोणताही जिवाणू खात नाही. ते पाण्याबरोबर खाली जातं आणि उन्हाळ्यात केशाकर्षणाने पुन्हा वर येतं.

हे मीठ दोन वाटांनी येतं. एक म्हणजे मडमधली पोटॅशियम क्लोराइडसारखी रसायनं. दुसरी वाट जास्त वाईट. विहीर म्हातारी झाली की तेलाबरोबर खोल थरातलं खारं पाणी वर येतं. तुम्ही लिहिलंय की शेवटी पाणीच जास्त यायला लागलं होतं. ते पाणी टाकीतून, पाइपाच्या जोडातून, टँकर भरताना सांडतं. दर वेळी थोडंसं, पण वर्षानुवर्षं.

काळ्या मातीचं आणि सोडियमचं अजिबात पटत नाही. तिच्यातल्या चिकणमातीचे कण कॅल्शियमने एकमेकांना धरून असतात, म्हणून ढेकूळ राहतं, भेगा पडतात, हवा खेळते. सोडियम आला की ही पकड सुटते. कण सुटे होऊन छिद्रं बंद करतात, पाणी वर तुंबतं, वाळल्यावर जमीन फरशीसारखी कडक. हीच चोपण जमीन. ताई, एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जोवर मातीत भरपूर मीठ आहे तोवर ते मीठच कणांना गोळा करून ठेवतं, माती भुसभुशीत दिसते. फसायला होतं ते इथे. त्यावर गोडं पाणी सोडलं की मीठ धुऊन जातं, सोडियम मात्र कणांना चिकटलेला राहतो आणि माती एकदम बसते. म्हणून नुसतं पाणी सोडून धुवायला जाऊ नका. आधी जिप्सम, मग पाणी. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर निघतो. आणि तो निघून जायला वाट हवी. शेताबाहेर निचरा नसेल तर जिप्समचे ट्रक ओतले तरी पैसे मातीत.

म्हणजे कंपनीचा माणूस अर्धं खरं बोलतोय. जिप्सम लागेल, पण किती ते प्रयोगशाळा सांगेल, आणि आधी मुरूम उचलला पाहिजे, चर काढले पाहिजेत. मुरूम नांगरून मातीत मिसळू देऊ नका, तो उचलून बाहेरच नेला पाहिजे. खाली रिगच्या आणि डंपरच्या वजनाने दडपलेला थर असेल, तो एप्रिल-मेमध्ये जमीन पूर्ण कोरडी असताना सबसॉयलरने फोडायचा. ओलीत फोडायला गेलं तर उलट लिंपली जाते.

तपासणीबद्दल. मृदा आरोग्य पत्रिकेतले १२ घटक तुम्हाला पुरणार नाहीत. त्यात सामू आणि क्षारता येते, पण विनिमयक्षम सोडियम (म्हणजे कणांना चिकटलेला सोडियम), क्लोराइड, जिप्समची गरज आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन येत नाहीत. पहिल्या तिन्हींसाठी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात मृदशास्त्र विभागात चौकशी करा. हायड्रोकार्बनसाठी मान्यताप्राप्त खासगी पर्यावरण प्रयोगशाळा लागेल. जोडीला बेरियम आणि क्रोमियमही करून घ्या. मडचं वजन वाढवायला बॅराइट हे बेरियमचं खनिज वापरतात, ते बहुतांशी विरघळत नाही, पण आकडा कागदावर असलेला बरा. क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर म्हणजे खारवट, विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर म्हणजे चोपण. तुमच्याकडे बहुधा दोन्ही निघेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शेजाऱ्याच्या शेतातली माती पण घ्या. बांधापलीकडची, जिथे कपाशी कमरेएवढी आहे. रिग येण्यापूर्वी तुमच्या जमिनीचा नमुना कुणी घेऊन ठेवला असेल असं मला वाटत नाही. मग "पूर्वस्थिती" म्हणजे काय हे ठरवायचं कशावरून? त्या शेजारच्या मातीवरून. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात हेच करतात. तिथे तेलविहिरीची जागा परत देताना सरकारी सर्टिफिकेट लागतं, आणि त्यासाठी जमिनीचा उतार, माती आणि वाढलेलं पीक-गवत हे सगळं लगतच्या न बिघडलेल्या जमिनीशी ताडून पाहतात. ते सर्टिफिकेट मिळेपर्यंत कंपनीला शेतकऱ्याचं वार्षिक भाडं चालू ठेवावं लागतं. मला हा नियम फार न्याय्य वाटतो. घाई कुणाला व्हायला हवी? ज्याने जमीन वापरली त्याला.

घरी आज रात्रीच करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. दोन्ही पिशव्यांतलं वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या. आरओचं पाणी काचेच्या ग्लासात भरा आणि ढेकूळ अलगद सोडा. ढवळायचं नाही. दोन तासांनी पाहा, सकाळी परत पाहा. काय दिसतं ते इथे लिहा.

सातबारा_वकील

वरचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. मी फक्त कायद्याचं बघते.

वृषाली, पहिली गोष्ट. ताबा कलेक्टरमार्फत घेतला होता की कंपनीने काकांशी थेट भाडेकरार केला होता? करार असेल तर त्यातलं जमीन परत करण्याचं कलम आधी वाचा. कलेक्टरमार्फत असेल तर १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यातली ८१ ते ८३ ही कलमं पाहा. त्याआधीचा ताबा असेल तर १८९४ च्या कायद्यातली ३५ ते ३७, मजकूर जवळपास तोच. ८१ खाली तात्पुरता ताबा जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. ८२ म्हणतं की मुदत संपल्यावर झालेल्या नुकसानीची भरपाई देऊन जमीन परत करायची, आणि जमीन पूर्वीच्या उपयोगासाठी कायमची निकामी झाली असेल तर मालकाने मागणी केल्यावर सरकारने ती संपादित करायची. मुक्तपथिक म्हणतात तो मार्ग हाच. पण तो मालकाच्या इच्छेवर आहे, कंपनीच्या सोयीवर नाही. जमिनीच्या स्थितीवरून वाद झाला तर ८३ खाली तो प्राधिकरणाकडे जातो.

आता तो कागद. "पूर्वस्थितीत परत मिळाली" या वाक्यावर सही म्हणजे वरचे सगळे हक्क स्वतःच्या हाताने सोडणं. काकांनी कंपनीला आणि मामलतदारांना पत्र द्यावं की तपासणी अहवाल येईपर्यंत ताबा स्वीकारत नाही. तलाट्याला बोलावून पंचनामा मागा. फोटोंवर तारीख आणि ठिकाण येऊ द्या. मातीचे नमुने कंपनीच्या माणसासमोर काढून पिशवी सीलबंद करा, दोघांच्या सह्या घ्या. तुम्ही आणलेल्या पिशव्या तुमच्या माहितीसाठी ठीक, वादात मात्र समोरचा म्हणेल की माती कुठली कोण जाणे.

पैसे नाहीत असं कंपनी म्हणाली तर ऐकून घेऊ नका. केंद्र सरकारशी करार असलेल्या तेल-वायू कंपन्यांना जागा पूर्ववत करण्यासाठी स्टेट बँकेत खास खात्यात पैसे बाजूला ठेवले तर करात वजावट मिळावी, म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात ३३एबीए कलम घातलं गेलं आणि १९९९ मध्ये त्याची साइट रिस्टोरेशन फंड योजना आली. हा खर्च होणार हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर ३१ जानेवारी २०१९ च्या रेडवॉटर निकालात सांगितलं की कंपनी दिवाळखोरीत गेली तरी विहिरी बंद करून जागा साफ करण्याची जबाबदारी सुटत नाही, धनकोंच्या आधी ती. आपल्याकडे तो निकाल लागू नाही, पण युक्तिवाद म्हणून चांगला.

निमगावकर

आलो. केमिस्टकाकांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त शेतातलं सांगतो.

आमच्याकडे उसाला पाणी देऊन देऊन जमिनी चोपण झाल्या. लोकांनी जिप्सम टाकलं, गंधक टाकलं, काही झालं नाही. ज्यांनी आधी निचरा केला त्यांच्याच जमिनी सुधारल्या. उघडे चर काढा किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाका, पण पाणी बाहेर गेलं पाहिजे. गंधकाबद्दल एक. माती चुनखडीची असेल तरच त्याचा उपयोग. मातीवर सौम्य आम्ल टाकून फसफसतं का बघा. फसफसलं तर जिप्समबरोबर थोडं गंधकही चालेल.

जिप्सम वरच्या वितभर थरातच मिसळा, खोल गाडू नका. मग वाफे बांधून पाणी तुंबवा आणि निचऱ्यातून जाऊ द्या. त्यानंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा, फुलावर आला की गाडा. धैंचा खारी जमीन बऱ्यापैकी सोसतो आणि मुळांनी जमीन उघडतो. शेणखत भरपूर. पहिल्या साली कपाशी लावू नका, पैसे जातील आणि मन खचेल. तूर तर क्षाराला फारच नाजूक.

आणखी एक, काकांच्या जवळच भरूचला केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं केंद्र आहे. मूळ संस्था कर्नालची. खाऱ्या काळ्या मातीवरच त्यांचं काम आहे. काकांनी माती घेऊन तिकडे जावं, पुण्याच्या अहवालापेक्षा त्यांचा सल्ला तिथल्या हवापाण्याला धरून असेल.

वृषाली (वारजे)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांना फोन केला, सही थांबवली.

ग्लासचं सांगते. खडीच्या कडेची माती टाकली तर ढेकूळ हळूहळू विरघळलं आणि त्याभोवती धूसर ढग पसरला. सकाळपर्यंत अख्खा ग्लास ताकासारखा झाला होता, तळ दिसेना. मडपिटाची माती मात्र फुटून तळाशी बसली आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं. म्हणजे मडपिटाची माती बरी आहे का? मला उलट वाटलं होतं.

रिगवरचा केमिस्ट

तुम्हाला वाटलं होतं तेच बरोबर. मडपिटाच्या मातीत इतकं मीठ आहे की कण विखुरतच नाहीत, म्हणून पाणी स्वच्छ. खडीच्या कडेची माती पावसाने थोडी धुतली गेलीय, तिथे सोडियमचा परिणाम उघडा पडलाय. खात्री करायची असेल तर मडपिटाच्या ग्लासातलं वरचं पाणी हलकेच ओता, पुन्हा आरओचं पाणी भरा, ढवळून बसू द्या. असं काही वेळा करा. मीठ कमी होत गेलं की एका क्षणी पाणी गढूळ राहायला लागेल आणि बसणारच नाही. कंपनीच्या माणसाच्या "दोन पावसांत" तुमच्या शेतात नेमकं हेच होणार आहे. जिप्समशिवाय दोन चांगले पाऊस झाले तर ती जागा सुधारायची सोडून आवळली जाईल.

मला वाटतं मडपिटाचं काम जिप्समने भागणार नाही. अस्तर आहे का, फाटलंय का, खाली किती मीठ उतरलंय, हे उघडून पाहावं लागेल. तिथे नमुने ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटरवर घ्या, त्याखालीही मीठ दिसलं तर आणखी खोल. कचरा कंपनीनेच उचलावा आणि खड्डा काळ्या मातीने भरावा. ही मागणी पत्रात स्वतंत्र लिहा. उरलेला तुकडा, म्हणजे खडीचा भाग, निमगावकर म्हणतात त्या क्रमाने नक्की सुधारेल. वेळ लागेल, पण ती जमीन मेलेली नाही.

२७ मे २०२० ला आसामात बागजानला तेल-वायूची विहीर उसळली, ९ जूनला पेटली आणि नोव्हेंबरपर्यंत धुमसत राहिली, तेव्हा देशभर बातम्या होत्या. मगुरी-मोटापुंग बील (पाणथळ तळं), चहाचे मळे, घरं, सगळ्यांचे फोटो छापून आले. शांतपणे म्हाताऱ्या होऊन बंद झालेल्या विहिरींच्या शेतांचे फोटो कुणी छापत नाही. अमेरिकेत तर सोडून दिलेल्या तेल-वायू विहिरींची संख्या तीस लाखांच्या वर धरतात, आणि मालक उरलाच नाही अशा विहिरींसाठी २०२१ च्या कायद्यात सरकारला ४.७ अब्ज डॉलर ठेवावे लागले. तुमच्या काकांच्या विहिरीला मालक आहे, तो दारात येतोय आणि त्याला सही हवी आहे. ही तुमची जमेची बाजू आहे. सही झाली की ती गेली.

मुक्तपथिक

एक शंका. कंपनी म्हणाली की आम्ही पैसे देतो, दुरुस्ती तुमची तुम्ही करा, तर?

सातबारा_वकील

खडीच्या भागासाठी विचार करता येईल, रक्कम अहवालावरून ठरवून आणि दुरुस्तीच्या काळातलं पीकनुकसान धरून. मडपिटासाठी नको. घातक कचरा तुम्ही स्वतः हलवायला गेलात तर त्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात येईल. आणि जे काही ठरेल त्यात एक वाक्य हवंच: दुरुस्तीनंतर दोन खरीप हंगाम पीक शेजारच्या शेताच्या बरोबरीने आलं तरच अंतिम सही.

निमगावकर

ताई, निचऱ्याचं पाणी कुठे सोडणार ते काकांना आत्ताच विचारा. खारं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या रानात गेलं तर गावात भांडण लागेल आणि ते रास्तही असेल.

वृषाली (वारजे)

विचारलं. खालच्या अंगाला गावचा नाला आहे, पण त्यावर पुढे दोन शेतकरी पाणी उचलतात. काका म्हणाले, त्या दोघांना बरोबर घेऊनच भरूचच्या केंद्रात जातो, तिथे विचारून मग पाणी कुठे सोडायचं ते ठरवू. कंपनीला आणि मामलतदारांना पत्र सोमवारी जातंय. त्यात विहिरीचा अहवाल, वरच्या मातीचा ढीग कुठे गेला, मडपिट उघडून दाखवणं आणि शेजारच्या शेताचा नमुना, हे चारही मुद्दे घातलेत. शेजारच्या काकांनी त्यांच्या बांधातली माती घ्यायला हो म्हटलंय. कुंपणालगत एक मातीचा बांध खरंच आहे, त्यावर भरपूर गवत वाढलंय. तो आमचाच वरचा थर असेल तर कंत्राटदाराला त्याला हात लावू देऊ नका असं काकांना सांगितलंय.